चांदी काळी पडते म्हणून घाबरू नको

पोरी, पैंजण काळे पडले म्हणून ते खोटे असतील असं तुला वाटतंय, पण तसं नाही. चांदी हवेतल्या गंधकाच्या वायूंनी काळवंडते, वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर चढतो. दमट हवेत हे लवकर होतं, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात तक्रारी जास्त. ९२.५ टक्क्यांच्या चांदीत बाकीचं बहुतेक तांबं असतं, तेही काळं पडतं.

सुरुवातीला एवढंच पाळ:

- मिरचीवर भुरीसाठी (पानांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीचा रोग) गंधक मारायला जाताना दागिने घरीच ठेव. आपल्या भागात हे सगळ्यात महत्त्वाचं. हात-पाय धुतल्याशिवाय घालूही नको.
- रबर बांधू नको. माझ्या जोडव्यांची पुडी मी रबराने बांधून ठेवली होती; दिवाळीला उघडली तर रबर टेकलं होतं बरोबर तिथेच काळी रेघ! रबरात गंधक असतं.
- घाम पुसून, पूर्ण कोरडे करून झिपच्या पिशवीत हवा काढून ठेव. प्रत्येक जोड वेगळा. सोबत खडूचा तुकडा टाक, तो ओल धरतो.

नव्याने चांदी वापरणाऱ्या बायका हमखास टूथपेस्ट नाहीतर राखेने घासतात. चमक येते, पण बारीक ओरखडे पडतात आणि नक्षी झिजते. आधी मऊ सुती कापडाने पूस. घुंगरांच्या फटीत कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश पुरे.

गिलीटाच्या, म्हणजे वर नुसता मुलामा दिलेल्या दागिन्याला मात्र घासू नकोच, मुलामा निघून जातो. खड्यांचे दागिने आधी सोनाराला दाखव. पॉलिशच्या पावडरी, द्रावणं यांच्या नादी सध्या लागू नको.