पुण्यातली खोली

प्रिय पोरी,

रविवारी तू येऊन गेलीस तेव्हा मी फारसं बोलले नाही. माझ्या थोरल्याची जेवायची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर तुझा प्रश्न ऐकून माझं तोंडच बंद झालं. "काकू, पुण्यात खोली बघू का?" 1998 मध्ये हेच मी माझ्या नणंदेला विचारलं होतं. ती बघ म्हणाली आणि मी थोरल्याला घेऊन गेले, त्यालाही हेच होतं.

तू जाऊ नकोस.

तुझ्या पिशवीतले कागद मी नीट वाचले. पोरगं साडेतीन वर्षांचं, हाक मारली तरी वळत नाही, शब्द नाही, डॉक्टरांनी स्वमग्नता म्हणजे ऑटिझम लिहिलंय. थेरपी लवकर सुरू व्हायला हवी, त्यावर आपला वाद नाही. पण आठवड्याचे तीन तास थेरपीचे धरले, तर उरलेले तास तो त्या खोलीत काय करणार? इथे आजी आहे, आत्या आहे, ज्या शेळीमागे तो दिवसभर फिरतो ती शेळी आहे. तिथे तू आणि चार भिंती. नवरा शनिवारच्या एसटीने येणार आणि रविवारी जाणार.

आम्ही अकरा वर्षं तसं काढलं. थोरला बटणं लावायला शिकला, ताट धुवायला शिकला, मी नाही म्हणत नाही. 2009 मध्ये परत आलो तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि गावात त्याला कुणी ओळखत नव्हतं. पुढच्याच वर्षी जत्रेत माझ्या हातातून त्याचा हात सुटला. गर्दीत हात झटकणारा, ओरडणारा एवढा मोठा अनोळखी मुलगा. कुणी चोर म्हणालं, कुणी प्यायलाय म्हणालं. मी पोचेपर्यंत दोघांनी मारलं होतं. आमच्या घरापासून तीनशे पावलांवर.

खालच्या आळीत त्याच्याच वयाचा एक आहे, तोही बोलत नाही. त्याची आई कधीच कुठे गेली नाही. तेव्हा मी तिला मनात अडाणी म्हणायचे. तो पोरगा स्टँडवर जाऊन गाडीत बसला की कंडक्टर त्याला उतरवतो आणि कुणीतरी मोटारसायकलवरून घरी सोडतं. ही सोय कुठल्या थेरपी सेंटरमध्ये मिळते ते मला सांग.

म्हणून सांगते, गाव सोडू नकोस.

तू म्हणशील, काकू स्वतः गेली आणि मला अडवते. अगं, तेव्हा होतं काय? 1995 च्या कायद्यात सातच अपंगत्वं होती, त्यात स्वमग्नता नव्हतीच. मी दाखला मागायला गेले तर लिहायला रकानाच नाही. आता 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यात स्वमग्नता नाव घेऊन आहे. मला जाणं भाग होतं. निदान मी इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आले.

तुला ते भाग नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला डॉक्टरांचं पथक येतं, 2013 पासून. ते कधी येणार ते ताईंना विचार आणि त्या दिवशी त्याला घेऊन बस. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी देतात, तिथे तपासणी आणि थेरपी फुकट असते. तारखा लांबच्या मिळतील, खेटे पडतील. पडू देत. आणि मधल्या काळात त्याला अंगणवाडीत बसव. ताई म्हणतील, हा बसत नाही, पळतो. पळू दे, तू दारात बस. बाकीची बारा पोरं त्याला बघतील, हे मला हवंय.

पुण्याच्या थेरपीच्या बाईंकडे महिन्यातून एकदा जा, जरूर जा. पण त्यांनी खोलीत तासभर काय केलं यापेक्षा घरी महिनाभर काय करायचं, ते लिहून घे. सासूबाईंना सोबत ने. पीठ मळताना त्याचे हात परातीत कसे घालायचे, पाणी मागेपर्यंत किती थांबायचं, हे त्यांनी स्वतः बघू दे.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याचं कार्ड आत्ताच कर. लहान वयात ते मुदतीचं मिळतं, पुन्हा करावं लागतं, त्याला कंटाळू नकोस. त्यावर निरामय आरोग्य विमा मिळतो, वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभी राहा आणि गेल्या वर्षी किती केले ते विचार. सरपंच तुझे चुलत सासरे लागतात म्हणून गप्प बसलीस तर मग माझ्याकडे येऊ नकोस.

आणि तोंडी विचारून आले, असं मला एकदाही ऐकवू नकोस. अर्ज लेखी, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर.

सहाव्या वर्षी शाळा. कायद्याने 6 ते 18 पर्यंत फुकट शिक्षण त्याचा हक्क आहे आणि तेही जवळच्या शाळेत. गुरुजी गोड बोलून सांगतील, घरीच ठेवा, तालुक्याच्या शिक्षण खात्याच्या गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक घरी येतील. मोह होईल. ती सोय अंथरुणाला खिळलेल्या लेकरांसाठी चांगली आहे. तुझा तर शेळीमागे पळतो! घरी शिक्षक येतील, पण बाकावर शेजारी कोण बसणार? मला पुन्हा खोलीच दिसते त्यात, फक्त गावातली.

थोरला आता दळण घेऊन येतो. गिरणीवाला त्याला नावाने हाक मारतो, डबा चुकला तर फोन करतो. त्या एका हाकेसाठी मला चार वर्षं रोज त्याला घेऊन गिरणीत उभं राहावं लागलं. तुझ्याकडे ती आयती आहे आणि तू ती टाकून भाडं भरायला निघालीस, याचा मला राग येतो. रागाचं मनाला लावून घेऊ नकोस.

बुधवारी अकराला अंगणवाडीत ये, मी येते. सगळ्या कागदांच्या दोन दोन झेरॉक्स आण. खोलीचा ॲडव्हान्स दिला नसशील ना? दिला असशील तर आजच फोन करून परत माग.

तुझी,
काकू