पाच वाजताचा आकडा सोडा, १७-सी कुणाकडे आहे ते शोधा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. २०२४ च्या लोकसभेला तुमच्या वाडीच्या बूथवर पाच वाजता सांगितलेला आकडा आणि आता कुणीतरी शोधून काढलेल्या निकालपत्रकातला आकडा यांत चाळीसेक मतांचा फरक, त्यावरून ग्रुपवर रोज "मतं घुसवली"ची आग, आणि पोरं सोमवारी तहसीलवर मोर्चा न्यायच्या तयारीत. २०१९ ला आमच्या गावात जवळपास हेच झालं. आम्ही तेव्हा हरलेल्या बाजूला होतो की जिंकलेल्या, ते इथे सांगणार नाही. मी वकील नाही, पदाधिकारी नाही, बरीच वर्षं पोलिंग एजंट, म्हणजे बूथवर उमेदवाराचा माणूस, म्हणून बसलोय एवढंच. नियम मधेच बदलतात, तेव्हा ताजं काय ते जाणकाराला विचारून घ्या.

पाच वाजताच्या आकड्याचा नाद सोडा. तो झोनल अधिकाऱ्याला फोनवर कळवलेला चालू आकडा. ७ मे चं ऊन आठवा. आपल्याकडे म्हातारी माणसं उन्हं कलल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि सुट्टीला आलेले चाकरमानी दुपारची झोप काढून मग येतात. सहाला जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या वाटतात आणि शेवटच्या माणसाचं मत होईपर्यंत मशीन बंद होत नाही. चाळीस मतं तेवढ्यात सहज होतात. निवडणूक आयोगानेही त्या वेळी लोकांच्या डोक्यात किडा सोडलाच म्हणा. १९ एप्रिलच्या पहिल्या टप्प्याची अंतिम टक्केवारी ३० एप्रिलला आली, आणि मतदारसंघवार मतांचे आकडे २५ मे ला, तेही प्रकरण सुप्रीम कोर्टात गेल्यावर. पण उशीर वेगळा आणि घुसवाघुसवी वेगळी.

जुळवायचा असतो तो नमुना १७-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटचं, म्हणजे मशीनच्या मतं मोजणाऱ्या भागाचं, क्लोज बटण दाबतात, एकूण मतं पडद्यावर येतात, ती या नमुन्यात लिहितात. शेजारी मशीनचे आणि कागदी सीलचे नंबर. त्याची खरी नक्कल हजर असलेल्या प्रत्येक एजंटला पोच घेऊन द्यायची, नियम ४९-एस. कुणी मागो न मागो, द्यायचीच.

आमच्याकडे ती दिली नाही. २३ एप्रिलची संध्याकाळ, पेट्या बांधून झालेल्या, बाहेर एसटी हॉर्न मारतेय. केंद्राध्यक्ष म्हणाले, "नक्कल तालुक्याला मिळेल, उद्या या." आमचा एजंट कोवळा पोरगा, पहाटेपासून मॉक पोलला, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीला, येऊन बसलेला, दिवसभर वडापाववर. त्याने मान डोलावली. २३ मे ला निकाल लागला, पुढे बूथवार निकालपत्रक, म्हणजे नमुना २०, हातात आलं. आमच्या एजंटने यादीवर खुणा केलेल्या मतदारांपेक्षा त्यात तीसेक मतं जास्त.

मग सुरू झाली त्या कार्यालयाची वारी. कुठलं ते सांगत नाही, आजही तिथे कामं असतात. अर्ज नेला तर आवक-जावकवाल्याने पोच द्यायलाच नकार दिला, "साहेबांची सही झाल्यावर". साहेब मीटिंगला. पुढल्या खेपेला अर्ज दुसऱ्या टेबलावर, तिथून "हे जिल्ह्याचं काम". जिल्ह्याहून परत खाली. शेवटी एका भाऊसाहेबांनी माझ्यासमोर अर्जावर लाल पेनाने लिहिलं: मोहोरबंद अभिलेख, न्यायालयाचा आदेश आवश्यक. मी म्हटलं, भाऊसाहेब, मोहोरबंद असते ती १७-ए, मतदारांच्या सह्यांची नोंदवही, ती कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडत नाही हे मलाही माहीत आहे. मी मागतोय १७-सी, एका पानाचा हिशोब. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सतरा ते सतराच."

या "सतरा ते सतराच"ने आमचा पावसाळा खाल्ला. निकालाला आव्हान फक्त निवडणूक याचिकेने, तेही हायकोर्टात, निकालापासून ४५ दिवसांत. म्हणजे ७ जुलै. मतदारसंघातला कुठलाही मतदार ती करू शकतो, अनामत २,००० रुपये (वकिलाची फी वेगळी, ती विचारूच नका). पण हातात कागद नसताना वकील दारात उभा करत नाही. तारीख उलटून गेली. तोवर गावात काय झालं, तर दोन वाड्या एकमेकांच्या भातलावणीला जाईनाशा झाल्या. पिढ्यानपिढ्या जात होत्या. केंद्राध्यक्ष परतालुक्यातले प्राथमिक शिक्षक, त्यांचा फोटो "चोर" म्हणून फिरला. गणपतीत आरतीला वेगवेगळे गट.

दिवाळीच्या आसपास त्याच कार्यालयात नवीन बाई आल्या. त्यांनी फाईल काढली, फी घेतली, झेरॉक्स दिली. चहा गार व्हायच्या आत काम झालं. १७-सी आणि निकालपत्रक जुळत होतं. सह्यांपेक्षा मशीनमध्ये उलट एक मत कमीच, कुणीतरी सही करून बटण न दाबता निघून गेलेलं. चुकल्या होत्या आमच्या खुणा, जेवणाच्या वेळी एजंटच्या जागी दुसराच बसला होता. हे पान जूनमध्ये मिळालं असतं तर? माझं मत विचाराल तर, घोटाळा झाला की नाही यापेक्षा कागद दाबून ठेवणारं ऑफिस गावाचं जास्त वाटोळं करतं. हे चिडून लिहितोय, माहीत आहे.

तुमच्या बाबतीत ४५ दिवस १९ जुलै २०२४ लाच संपले. त्यामुळे त्या निकालाचं आता काही होणार नाही, पोरांना हे आधी नीट सांगा. बूथवर कोण बसलं होतं ते शोधा, त्याच्याकडे १७-सी असेल तर तो नमुना २० शी लावून बघा. टपाली मतं बूथच्या आकड्यात धरू नका, ती वेगळी दाखवतात. तरीही फरक राहिला आणि तो पन्नासच्या घरात असेल, तर मॉक पोलची मतं पुसायची राहिली होती का हे विचारा. मॉक पोलला किमान ५० मतं टाकतात, आणि क्लिअर करायचं विसरलेली मशीन मोजणीत बाजूला काढायची असते.

मोर्च्याबद्दल. २०२४ च्या विधानसभेनंतर माळशिरसच्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचं ठरवलं होतं, ३ डिसेंबरला. जमावबंदी लागली, मतदान थांबलं आणि वर गुन्हे दाखल झाले. भावना कुणाचीही खोटी नसते, पण आपल्याकडची निम्मी पोरं बोटीवर नाहीतर आखाती देशांत जाणारी. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत गुन्हा निघाला की जहाज सुटतं. निवेदन द्यायला पाच जण पुरे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका.

आणि खरंच काही धसास लावायचं असेल तर मतदार यादी धरा. दुबार नावं आपल्याकडे उघड गुपित आहे. आपलं मतदान ७ मे ला, मुंबईचं २० मे ला. एकाच माणसाचं नाव दोन्हीकडे ठेवणं कायद्यात बसत नाही, दोनदा मत देणं तर नाहीच. बोटाला शाई असते, पण ती बघायला एजंट जागा हवा. संशय आला तर तिथल्या तिथे हरकत घ्यायची, त्याची अनामत फक्त २ रुपये आहे, आणि ती वापरणारा एजंट मी क्वचितच पाहिलाय. नाव काढायला फॉर्म ७, बीएलओकडे (आपल्या बूथची यादी सांभाळणारा कर्मचारी), प्रत्येक नावाला वेगळा. एकगठ्ठा नेऊ नका, घेत नाहीत. सुरुवात मोर्च्याला येणाऱ्या मुंबईकरांपासून करा, दोन-चार फॉर्म तिथेच भरून होतील.