विंगेतून : लाईट शिकायचं कुणाकडे?

प्रश्न : काका, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकांचे लाईट्स मीच करते, यूट्यूबवर बघून शिकले. पुण्यात एका प्रकाशयोजनाकारांच्या हाताखाली राहू, की एनएसडीसाठी (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) प्रयत्न करू? घरचे म्हणतात, आधी पदवी घे. – एक वाचक, सांगली

उत्तर : पदवी घेच, नाटकं कुठे पळून जात नाहीत. एनएसडीचा फॉर्म जरूर भर. तिथे तीन वर्षं नाटकाच्या सगळ्या अंगांशी झटापट होते, ती फुकट जात नाही. पण निकालाची वाट बघत घरी बसू नकोस.

यूट्यूबला मी नावं ठेवत नाही. हजार वॅटचा लाईट सव्वाचार अँपिअरच्या आसपास खातो, म्हणून पंधराच्या पॉइंटवर तीनच लावायचे, हा हिशेब तिथेही कळतो. आमचे मास्तर मात्र मध्यंतरात चहा सोडून प्रत्येक प्लगपाशी पालथा हात नेऊन बघायचे, तापलाय का ते. कारण हिशेब बरोबर असला तरी पिन ढिली असू शकते. असली सवय बघून बघूनच लागते.

शिवाय प्रकाश मागे काही ठेवून जात नाही. बंगाली प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात ‘अंगार’ नाटकामध्ये खाणीत शिरणारं पाणी निव्वळ लाईटवर उभं केलं, त्याचं नाव आजही निघतं. पण संहिता वाचून ते पाणी दिसणार नाही. डिमरचा, म्हणजे प्रकाश कमीजास्त करणाऱ्या यंत्राचा, लिव्हर किती सावकाश ढकलायचा, हे ढकलणाऱ्याच्या शेजारी उभं राहूनच कळतं.

तेव्हा जा हाताखाली, पण माणूस पारखून. प्रयोग बघून भारावून जाऊ नकोस, सेटिंगच्या वेळी जा. दुपारचं नाटक संपून रात्रीचं लागायच्या मधल्या धावपळीत हा माणूस पोरांशी कसा बोलतो ते बघ. शिडीवरून फोकस करताना खाली कुणाला तरी नटाच्या जागी उभं करतात. आमचे मास्तर तिथे आम्हाला डोळे मिटायला लावायचे. चेहऱ्याला सगळ्यात जास्त ऊब कुठे लागते, ते सांगायचं. तोच झोताचा मध्य. मग ‘नट इथून दोन पावलं पुढे आला तर काय करशील?’ असा प्रश्न यायचा. असे प्रश्न विचारणारा भेटला तर सोडू नकोस. नुसत्या केबल गुंडाळून घेणारे खूप आहेत. (केबल गुंडाळायलाही शिकायचंच, पिळ न पडता.)

आणि पैशांचं पहिल्याच दिवशी विचार. निदान प्रवासखर्च आणि नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळालीच पाहिजे. ‘शिकायला मिळतंय ना?’ हे उत्तर आलं, तर नमस्कार करून निघ. मुलगी म्हणून दौऱ्यावर राहण्याची सोय काय, तेही मोकळेपणाने विचार, त्यात संकोच कसला?

प्रश्न : मी डिमरवर आयुष्य काढलं. आता मदतीला आलेला मुलगा लॅपटॉपवर सगळे क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला लाईट, ते भरून ठेवतो. त्याला मी काय शिकवणार? – एक लाईटवाले, कोल्हापूर

उत्तर : फेड, म्हणजे लाईट हळूहळू उतरवणं, शिकवा. हॅलोजन मंदावताना पिवळा, तांबूस होत विझतो. एलईडी, त्यातही स्वस्तातला, शेवटच्या टप्प्यावर टपकन जातो आणि हळव्या प्रसंगाची वाट लागते. ते त्याला स्क्रीनवर दिसत नाही, तुम्हाला प्रेक्षागृहातून दिसतं. एक जुना हॅलोजन आणि एक एलईडी शेजारी लावा, दोन्ही एकदम उतरवायला सांगा आणि त्याला मागच्या रांगेत बसवा. मग शेवटचे काही टक्के कसे ताणायचे ते तोच लॅपटॉपवर शोधून काढेल, आणि ते तुम्ही त्याच्याकडून शिकून घ्या. तेवढं त्याला जेवणाची पार्सलं आणायला पिटाळणं बंद करा बुवा, नेमकी फोकसिंगची वेळ असते ती.