बायोप्सी रिपोर्टमध्ये 'मॉडरेट डिस्प्लेसिया' आलंय, म्हणजे कॅन्सर का?

वडिलांच्या गालातल्या पांढऱ्या चट्ट्याची सोलापुरात बायोप्सी झाली, रिपोर्टात 'इन्सिजनल बायोप्सी, हायपरकेरॅटोसिस, मॉडरेट डिस्प्लेसिया, नो इन्व्हेजन' असं आलंय आणि डॉक्टर 'एक्सिजन' करायचं म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय.

तपासलेल्या तुकड्यात कॅन्सर नाही. पण निर्धास्त राहू नका. इन्सिजनल म्हणजे चट्ट्याचा फक्त एक तुकडा काढून पाहिला. उरलेला चट्टा अजून गालातच आहे आणि तिथे बिघाड याहून पुढे गेलेला असू शकतो. एक्सिजनमध्ये अख्खा चट्टा, कडेच्या थोड्या चांगल्या भागासकट काढतात. डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे, टाळू नका.

हायपरकेरॅटोसिस म्हणजे वरचा थर जाड होणं. हायपरप्लेसिया हा मिळताजुळता शब्द वेगळा आहे: त्यात पेशी नुसत्या संख्येने वाढतात, ठेवण शाबूत असते. डिस्प्लेसियात मात्र पेशींचा आकार, केंद्रक, मांडणी सगळंच बिघडतं. हा बिघाड गालाच्या आतल्या अस्तराच्या तळापासून वर चढतो: खालच्या तिसऱ्या हिश्शात असेल तर माइल्ड, मधल्यापर्यंत पोचला तर मॉडरेट, त्याच्याही वर गेला तर सिव्हिअर. अस्तराखालचा पातळ पडदा फोडून पेशी आत घुसल्या की ते इन्व्हेजन, म्हणजे कॅन्सर. तुमच्याकडे ते झालेलं नाही.

पुढे कागदपत्रांत ऑपरेशनची नावं दिसली तर ती शेवटावरून ओळखा. 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं (अपेंडिसेक्टॉमी), 'ऑटॉमी' म्हणजे चिरून उघडणं (लॅपरॉटॉमी), 'ऑस्टॉमी' म्हणजे बाहेर तोंड काढून ठेवणं (कोलोस्टॉमी). गाठींच्या नावातल्या 'ओमा'वर मात्र विसंबू नका. लायपोमा चरबीची साधी गाठ असते, लिम्फोमा कॅन्सर असतो.

एक्सिजननंतर नमुन्याची बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हातात देतात. आत १० टक्के फॉर्मॅलिन (नमुना टिकवणारं रसायन) हवं, तुकड्याच्या साधारण १० पट. कमी पडलं तर मधला भाग सडतो. पाणी किंवा सलाईन घातलं तरी पेशी खराब होतात आणि मग रिपोर्टच लागत नाही. नाव झाकणावर नको, बाटलीवर हवं, झाकणं बदलतात. नव्या रिपोर्टात 'मार्जिन' काय लिहिलंय ते आधी बघा. 'फ्री' म्हणजे कडा मोकळ्या आहेत. 'इन्व्हॉल्व्हड' असेल तर बिघडलेला भाग कडेपर्यंत आहे, पुढे काय करायचं ते लगेच विचारा.

वडील मावा, तंबाखू खात असतील तर आजपासून बंद. ते चालू राहिलं तर काढलेल्या जागी किंवा शेजारी पुन्हा चट्टा येऊ शकतो. दुसरं मत घ्यायला बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला किंवा मुंबईला टाटाला जाणार असाल तर नुसता कागद नेऊ नका. लॅबकडून स्लाइड (तपासलेली काच) आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात तुकडा बसवलेला असतो), दोन्ही मागून घ्या.