फॉर्मवर ‘समाधानी’, तरी शाळेत जायला नको

सातवीतल्या मुलीच्या आईची काळजी अशी: ‘शाळेचं नाव काढलं की हिचं पोट दुखतं. अभ्यास बरा आहे, मैत्रिणी आहेत, बाई रागावत नाहीत. पाण्याची बाटली मात्र भरलेली परत येते.’ शाळेने भरून घेतलेल्या अभिप्राय फॉर्मवर याच मुलीने सोयींपुढे ‘समाधानी’ लिहिलं होतं. फॉर्मवर नाव, हजेरी क्रमांक, आणि समोर वर्गशिक्षिका. दुसरं काय लिहिणार?

‘शाळा आवडते का?’ याला मुलं ‘हो’च म्हणतात. म्हणून असं विचारायचं: काल शाळेत लघवीला कितीदा गेलीस? कडी लागते का? नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं? उत्तर आलं, एकदाही गेले नाही. मुलींच्या चार स्वच्छतागृहांपैकी दोनांना कुलूप, एकाची कडी तुटलेली, पॅड टाकायला डबा नाही, मधल्या सुट्टीनंतर पाणी संपलेलं. तासाला परवानगी मागायची तर अख्ख्या वर्गासमोर. मग तिने पाणी पिणंच सोडलं. लघवी तुंबवून ठेवल्याने जळजळ, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता होऊ शकते. ही पोटदुखी नाटक नव्हे. मुलीला हे आधी ऐकू द्या.

पहिलं काम डॉक्टरांकडे लघवीची तपासणी. ताप किंवा लघवीत रक्त असेल तर त्याच दिवशी. तोवर वर्गशिक्षिकेशी बोलून ठरवा, की मुलगी न विचारता खुणेचं कार्ड टेबलावर ठेवून जाईल.

‘स्वच्छतागृह घाण आहे’ एवढ्या तक्रारीने एक दिवस फिनाइल पडतं, बस्स. त्याऐवजी पाच दिवस, रोज तीन वेळा (प्रार्थनेआधी, मधल्या सुट्टीनंतर, शेवटच्या तासाआधी) मुलींनी कडी, पाणी, साबण, झाकणाचा डबा यांपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहावं. तो कागद अर्जाला जोडून मुख्याध्यापकांना द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.

शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. तरी हललं नाही तर याच कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे (जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिका) लेखी तक्रार करता येते. निर्णयाची मुदत 3 महिने.

शाळेने पुढचा फॉर्म बिननावी घ्यावा आणि मुलामुलींची उत्तरं वेगळी मोजावीत. एकत्र टक्केवारीत मुलींचा त्रास बुडून जातो.

कडी एका दिवसात बसते. पाणी पुन्हा संपतं, कारण टाकी फक्त सकाळी भरली जाते. मधल्या सुट्टीआधी ती दुसऱ्यांदा कोण भरणार, हे नावानिशी लिहून घ्या.