जाळून नव्हे, तावून सुलाखून

प्रश्न असा : अणुभट्टीतल्या वापरलेल्या धातुरूप इंधनाच्या ‘पायरोप्रोसेसिंग’ला, म्हणजे ते खूप तापवून शुद्ध करण्याला, ‘दहन-शुद्धीकरण’ म्हणावं का?

नाही. ‘इंधन जाळून शुद्ध करतात’ हे ऐकून कान किटले. युरेनियम पेटलं तर उरेल ऑक्साइडची राख. म्हणून तर सगळं काम आर्गॉन भरलेल्या कोठडीत चालतं. ज्योत कुठेच नाही, आहे तो ताव. संस्कृत ताप, त्याचा ताव, त्यावरून तावणे. आणि तावणे आलं की मागोमाग सुलाखणे आलंच.

सुलाख म्हणजे पारखण्यासाठी धातूला पाडलेलं भोक. वरून सोनं आणि आत तांबं तर नाही ना, हे त्यातून दिसे. फारसीत भोकाला ‘सूराख’ म्हणतात. ‘र’चा ‘ल’ झाला, इतकंच. काही पंडित हा शब्द ‘शलाका’वरून ओढून आणतात. पण शलाका म्हणजे सळई, भोक नव्हे. आणि ‘श’चा ‘सु’ कोणत्या वाटेने झाला, हे त्यांनी आधी सांगावं.

अमेरिकेतल्या आयडाहोच्या ईबीआर-२ या प्रायोगिक अणुभट्टीचं इंधन १९६४ ते १९६९ या काळात नुसतं तावत : झिर्कोनियाच्या मुशीत, १४०० अंश सेल्सिअसला, सुमारे तीन तास. अणू फुटून इंधनात साचलेल्या कचऱ्यापैकी झेनॉन, क्रिप्टॉन, सीझियम उडून जात, दुर्मिळ मृदा धातू मुशीतल्या ऑक्सिजनला धरत. मॉलिब्डेनम, रुथेनियम मात्र हटत नसत. शिवाय पाच-दहा टक्के धातू खरवडीसारखा मुशीला चिकटून राही.

सुलाखणं आलं ते पुढच्या, विजेच्या पद्धतीत. पोलादी नळीतल्या कांड्यांचे तुकडे करतात, कारण आवरण उघडल्याशिवाय मीठ आत शिरत नाही. तुकड्यांची टोपली हा ॲनोड, म्हणजे विजेचं धन टोक. भोवती लिथियम-पोटॅशियम क्लोराइडचं ५०० अंशांचं वितळलेलं मीठ. युरेनियम पोलादी कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकावर, काटेरी झुडपासारखं वाढतं. प्लुटोनियम द्रव कॅडमियमच्या कॅथोडमध्ये उतरतं, तेही एकटं नाही. नेप्चुनियम, अमेरिसियम सोबत येतात. सीझियम, स्ट्रॉन्शियम मिठात राहतात, रुथेनियम टोपलीत. व्होल्टेज जास्त चढवलं की इंधनात मिसळलेलं झिर्कोनियमही विरघळू लागतं. युरेनियमचे काटे गळून पडतात, त्यांच्यात मीठ अडकतं. ते निर्वातात तापवून उडवावं लागतं. ओल शिरली तर विरघळलेल्या युरेनियमचं ऑक्साइड होऊन तळाशी गाळ बसतो.

हो, प्रतिशब्द राहिलाच : ‘तापशोधन’ म्हणा.