कास्ट टाकून गप्प करू नकोस

नागपूर, मे महिना

प्रिय बाबू,

लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरमधला तुझा पॅच, म्हणजे कोडातला बदल, वाचला. स्पार्स या कोड तपासणाऱ्या साधनाच्या वॉर्निंग गेल्या हे खरं, पण बहुतेक ठिकाणी तू कास्ट (प्रकार जबरदस्तीने बदलणं) टाकून त्यांचं तोंड बंद केलंस. लिनक्सवाल्या लिनस टॉरवाल्ड्सने २००३ मध्ये स्पार्स लिहायला घेतलं ते असल्याच चुका पकडायला. पॉइंटरवरची, म्हणजे पत्ता ठेवणाऱ्या चलावरची, ‘आयओमेम’ ही खूण सांगते की हा पत्ता रॅमचा नाही, उपकरणाच्या रजिस्टरचा आहे, त्याला थेट हात लावू नका. कास्ट टाकलास की ती माहितीच पुसली जाते. वॉर्निंग आली की पॉइंटरचा प्रकार मुळात कुठे बिघडला ते शोध. बहुधा स्ट्रक्चरमधल्या एकाच ओळीत सापडतं.

कंपायलरला या खुणेचं काहीच देणंघेणं नसतं. म्हणून नुसत्या खुणा लावल्या असतील तर आधीची आणि नंतरची डिसअसेम्ब्ली (कंपायलरने बनवलेल्या मशीन-सूचनांची यादी) तंतोतंत जुळली पाहिजे. जुळली नाही, तर नकळत काहीतरी बदललंस.

आणि ते तू बदललंयस. जुन्या कोडात ३२ बिटांच्या शब्दांकडे बोट दाखवणारा पॉइंटर होता आणि त्यात ‘बेस अधिक ४’. म्हणजे चार शब्द पुढे, १६ बाइट. तू पॉइंटर व्हॉइड, म्हणजे बिनप्रकाराचा, केलास आणि ४ तसाच ठेवलास. कर्नलमध्ये व्हॉइड पॉइंटर बाइटने मोजला जातो, त्यामुळे उपकरणातून वाचणारा तुझा रीडएल आता भलतंच रजिस्टर वाचतोय. कंपायलर गप्प, स्पार्सही गप्प.

फिफोचं, म्हणजे उपकरणातल्या डेटाच्या रांगेचं, प्रकरण याहून चिवट आहे. रजिस्टरमधली किंमत हा आकडा असतो, म्हणून बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर रीडएल बाइट उलटवून देतो, ते बरोबरच. पण फिफोतून येतो तो फाइलचा मजकूर, बाइटांची ओळ. तिथे बाइट न उलटवणाऱ्या ‘रॉ-रीडएल’च्या जागी सरसकट रीडएल टाकलास तर डेटा उलटासुलटा होईल. त्यासाठी ‘आयओरीड३२-रेप’ आहे. तू बर्डीच्या बाजारातून आणलेला बोर्ड लिटल-एंडियन (लहान बाइट आधी), म्हणून ही चूक तुला तिथे कधीच दिसणार नाही.

निकाल न वापरलेला एक रीडएल तू ‘निरुपयोगी’ म्हणून काढलास. परत ठेव. पीसीआय या जोडणीवरून उपकरणात लिहिलेलं वाटेत रेंगाळू शकतं. त्याच उपकरणातून वाचलं की आधीचं लिखाण पोचल्यावरच उत्तर येतं. काही स्टेटस रजिस्टरं तर नुसती वाचल्यानेच साफ होतात. डेटाशीट बघितल्याशिवाय असल्या ओळीला हात लावायचा नाही. डोरबेलला (उपकरणाला ‘काम तयार आहे’ सांगणाऱ्या लिखाणाला) ‘रिलॅक्स्ड’, म्हणजे क्रमाची हमी नसलेलं, करायचा मोहही आवर: साधा रायटएल आधी रॅममध्ये लिहिलेला डिस्क्रिप्टर (कामाचा तपशील) उपकरणाला दिसेल याची हमी देतो, रिलॅक्स्ड देत नाही.

आता पॅच फोड. खुणा एकात, ॲक्सेसर (रीडएल-रायटएल) दुसऱ्यात, बिटांची नावं तिसऱ्यात. हार्डवेअरवर तपासलं नसेल तर कमिट मेसेजमध्ये सरळ लिही, ‘फक्त कंपाइल करून पाहिलं’. त्यात काही कमीपणा नाही. मेंटेनर, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणारा, उलट बारकाईने बघतो. आणि सध्या भर दुपारी बोर्डावर तासन्‌तास लिहिण्या-वाचण्याच्या चाचण्या लावत जाऊ नकोस. या उन्हात कूलरसमोर ठेवूनही तो तापतो, मग आलेली एरर तुझी की उष्णतेची, कळत नाही. पहाटे लाव.

रविवारी धरमपेठेत ये. दोन्ही डिसअसेम्ब्लीचा डिफ घेऊन ये, आणि कंट्रोलरची डेटाशीटही. त्या फिफोचं पान मला बघायचंय.

तुझा,
दादा